आंबट, गोड आणि कडक

१. नावं बारा, रचना एक

मराठवाड्यातल्या उमरग्याची मुलं-मुली नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला जातात. पहिल्या पगारानंतर कधीतरी ऑफिसची मंडळी एखाद्या हॉटेलात जमतात आणि समोर पेयांचं कार्ड येतं. डायकिरी, मोजितो, मार्गारिटा, व्हिस्की सावर, गिमलेट, कायपिरिन्या अशी नावं आणि प्रत्येकाखाली न कळणाऱ्या दोन ओळी. असं कार्ड पाहिलेला जवळजवळ प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो. या सगळ्यांत वेगळं असतं तरी काय?

फार थोडं वेगळं असतं. वर दिलेली सहाही पेयं एकाच रचनेवर उभी आहेत. एक कडक वस्तू, म्हणजे मद्य. एक आंबट वस्तू, बहुधा लिंबू. एक गोड वस्तू, बहुधा साखर. आणि या तिघांना जुळवणारं पाणी, जे बर्फातून किंवा सोड्यातून येतं. ही रचना एकदा कळली की कार्ड पाठ करावं लागत नाही. आवडीचं पेय कोणतं आणि ते का आवडतं, हेही सांगता येतं. जे दारूला शिवत नाहीत त्यांनाही याच रचनेतून उत्तम पेय करता येतं. माझ्या मते या ज्ञानाचा सर्वांत चांगला उपयोग तोच आहे.

२. सुरतेच्या वखारीतला शुक्रवार

ही रचना परदेशातून आली असं बहुतेकांना वाटतं. तिचे सर्वांत जुने लेखी पुरावे मात्र हिंदुस्थानातले आहेत, आणि ते एकत्र राहणाऱ्या, एकत्र नोकरी करणाऱ्या माणसांचे आहेत.

सप्टेंबर १६३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट ॲडम्स नावाच्या नोकराने पेट्टापोलीतल्या आपल्या सहकाऱ्याला पत्र लिहिलं. घर नीट सांभाळा अशा अर्थाच्या ओळीत त्याने ‘पंच’ पिण्याचा उल्लेख केला. या पेयाची आतापर्यंत सापडलेली ही सर्वांत जुनी लेखी नोंद. पेट्टापोली म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचं आजचं निजामपट्टण, मच्छलीपट्टणच्या दक्षिणेला. उमरग्यातून जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुण्याहून निघून त्याच मच्छलीपट्टणला संपतो.

सहा वर्षांनी, १६३८ मध्ये, मांडेल्सलो हा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला. त्याने लिहून ठेवलेला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. शुक्रवारी प्रार्थना आटोपली की वखारीचा प्रमुख आणि बायका मायदेशी ठेवून आलेले आणखी तीन व्यापारी एकत्र बसत आणि आपापल्या बायकांच्या आरोग्यासाठी पेला उचलत. कोणी किती प्यावं यावर बंधन नव्हतं. वाइन ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे मिसळून घ्यावी, नाहीतर ‘पालेपुंट्झ’ नावाचं पंचसारखं मिश्रण घ्यावं. त्यात काय असे तेही त्याने दिलं आहे: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. काही जण या मोकळिकीचा फायदा घेऊन झेपेल त्यापेक्षा जास्त पीत, हेही तो लपवत नाही. आठवड्यातून एकदा सहकाऱ्यांनी जमावं आणि आपापल्या आवडीप्रमाणे पेय मिसळून घ्यावं, ही रीत सुरतेत शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीच्या २६ वर्षं आधीपासून होती.

पुढे १६७० च्या दशकात जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर आपल्या किनाऱ्यावर फिरला. गोव्यातल्या नेरूळला उत्तम अर्क (मद्य) निघतो, आणि किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून पाच जिनसांचं पंच करतात, असं त्याने नोंदवलं. पंच तब्येत खिळखिळी करतं हेही त्याने त्याच ओळीत लिहिलं. डॉक्टरच होता तो.

पंच मोठ्या भांड्यात बनायचं आणि सगळे त्यातून घ्यायचे. पुढच्या दोन शतकांत भांडं गेलं आणि एका माणसापुरता पेला आला. जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरने १८६२ मध्ये पेयांच्या कृतींचं पुस्तक छापलं. त्यात ‘सावर’ नावाची पेयं आहेत: मद्य, लिंबू, साखर. पंचचीच एका माणसापुरती आवृत्ती.

३. चिंच-गुळाचा हिशोब

आता रचना आतून पाहू. आपल्या घरी आमटीत चिंच आणि गूळ पडतो. चिंच जास्त झाली तर सुगरण आमटी फेकत नाही, गुळाचा खडा वाढवते. चिंचेऐवजी आमसूल घातलं, गुळाऐवजी साखर घातली, तरी ती आमटीच राहते, कारण आंबट-गोडाचा तोल तोच असतो. सावर गटातल्या पेयाचं नेमकं तसंच आहे.

सुरुवातीला धरण्याजोगं प्रमाण असं: तीन भाग कडक, एक भाग आंबट, एक भाग गोड. मोठा पेग ६० मिलिलीटरचा असतो. म्हणजे ६० मिली रम, २० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरपाणी. साखरपाणी म्हणजे साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन विरघळवलेलं. रसाळ कागदी लिंबातून साधारण १५ ते २० मिली रस निघतो, तेव्हा एका पेल्याला एक लिंबू लागतं.

लिंबात सायट्रिक आम्ल असतं आणि रसात त्याचं प्रमाण साधारण सहा टक्के भरतं. आम्ल जिभेला झोंबतं, साखर ती झोंब कमी करते. पण साखर आम्ल नाहीसं करत नाही. दोन्ही पेल्यात असतात आणि जिभेला एकाच वेळी जाणवतात, म्हणून पेय सपाट लागत नाही. कडकपणा बोचला तर आणखी साखर घालण्याचा मोह होतो. तसं करू नका. कडकपणावर उपाय पाण्याचा आहे, आणि तो पुढच्या भागात येतोच.

रसाबद्दल एक सूचना. लिंबू फार दाबून, बियांसकट चिरडून पिळलं की रसात कडवटपणा उतरतो. सरबत करणाऱ्या कुठल्याही घरात हे माहीत असतं. रस ताजाच हवा. सकाळी काढलेला रस रात्री वापरला तर पेय मेलेलं लागतं.

४. बर्फ थंड करतो, पाणीही घालतो

नवख्या माणसाला वाटतं की बर्फ कमी घातला म्हणजे पेय पातळ होणार नाही. घडतं उलट. थोडा बर्फ लवकर वितळून संपतो आणि पेय पातळही होतं, कोमटही राहतं. भरपूर बर्फ घालून पेय दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं आणि गाळलं, तर ते पटकन थंड होतं आणि त्यात हवं तेवढंच पाणी येतं.

किती पाणी येतं त्याचा हिशोब करू. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते. आपलं मिश्रण १०० मिलीचं आहे. सोयीसाठी ते पाण्यासारखं धरू आणि बर्फ शून्य अंशावरचा धरू.

खोलीत ३० अंश असतील तर मिश्रण शून्यावर आणायला ३,००० कॅलरी काढाव्या लागतील. ३,००० भागिले ८०, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम बर्फ वितळणार. पेय १३७ मिलीचं झालं. आपल्याकडच्या बहुतेक रमची तीव्रता ४२.८ टक्के असते, म्हणून ६० मिलीत अल्कोहोल २५.७ मिली. सुरुवातीच्या १०० मिलीत ते जवळजवळ २६ टक्के होतं, आता १९ टक्क्यांच्या आत आलं. हेच पाणी पेयाची बोच काढतं. ते पेयाचा घटकच आहे, भेसळ नव्हे.

आता मे महिन्यातली उमरग्याची दुपार घ्या. पत्र्याच्या खोलीत बाटली ४० अंशांवर आहे. बर्फ वितळेल ५० ग्रॅम, तीव्रता १७ टक्क्यांवर येईल आणि लिंबाची चव फिकी पडेल. म्हणून बाटली, रस आणि साखरपाणी तिन्ही आधी फ्रिजमध्ये ठेवावं. पुण्याच्या बारमधली कृती मराठवाड्यात जशीच्या तशी का जमत नाही, त्याचं मोठं कारण हे तापमान.

५. खाणीतली डायकिरी

सावर गटातलं सर्वांत साधं आणि म्हणून सर्वांत शिकवणारं पेय डायकिरी. पांढरी रम, लिंबू, साखर, बर्फ. बस.

क्यूबाच्या पूर्व टोकाला सँटियागो शहराजवळ डायकिरी नावाचं ठिकाण आहे, तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या सुमारास जेनिंग्ज कॉक्स हा अमेरिकी अभियंता तिथे कामाला होता. त्याने आपल्या सोबतच्या अभियंत्यांसाठी स्थानिक रम, लिंबू आणि साखर एकत्र केली आणि खाणीचं नाव पेयाला पडलं, अशी कथा सांगतात. क्यूबात ऊस, रम आणि लिंबू एकत्र असताना तिथल्या लोकांनी त्याआधी हे मिश्रण केलंच नसेल, असं मला वाटत नाही. कॉक्सच्या मंडळींमुळे त्याला नाव मिळालं एवढं खरं.

तिथून फेरफार सुरू होतात. डायकिरीत पुदिना आणि सोडा घाला, मोजितो. रमऐवजी उसाच्या ताज्या रसापासून काढलेली ब्राझीलची कशासा घेऊन लिंबाच्या फोडी साखरेसोबत पेल्यातच चेचा, कायपिरिन्या. रमच्या जागी मेक्सिकोची टकिला आणि साखरेच्या जागी संत्र्याचं गोड मद्य, मार्गारिटा. जिन आणि लिंबाचं टिकाऊ गोड सरबत, गिमलेट. हवानाच्या फ्लोरिडिता बारमध्ये डायकिरी बर्फासकट यंत्रात फिरवून देऊ लागले.

ब्रिटिश आरमारातही हेच झालं. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्ननने खलाशांना निव्वळ रम देणं बंद करून एका भाग रमला चार भाग पाणी घालण्याचा हुकूम काढला. पुढे त्यात लिंबू आणि साखरही आली. गरजेतून निघालेली वाट त्याच रचनेला येऊन मिळाली.

६. उसाच्या पट्ट्यातला पेला

रम उसापासून होते हे उमरगा तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तालुक्यात मुरूमला विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात उसाच्या गाड्यांनी रस्ते भरतात. पण उसातून साखर काढल्यावर उरलेल्या मळीचं काय होतं, हे गाडी घेऊन जाणाऱ्यांपैकीही थोड्यांना नीट माहीत असतं.

एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो साखर आणि सुमारे ४५ किलो मळी निघते. मळी काळी, दाट, कडवट-गोड. तिच्यात साखर उरलेली असते, पण ती स्फटिक होऊन सहज बाहेर येत नाही. मळीत पाणी आणि यीस्ट घातलं की यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. मग ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे मिश्रण तापवून आधी उडणारी अल्कोहोलची वाफ थंड करून गोळा करतात. एक टन मळीतून साधारण २२० ते २५० लिटर अल्कोहोल मिळतं. म्हणजे एक टन उसामागे सुमारे १० लिटर. आपल्या ६० मिलीच्या पेल्यात २५.७ मिली अल्कोहोल होतं, तेव्हा एका पेल्यामागे अडीच किलो ऊस आला. त्या उसातली पाव किलो साखर मात्र आधीच पोत्यात गेलेली असते. आज या अल्कोहोलचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो.

भारतातली बहुतेक रम अशाच मळीपासून होते. १९५४ मध्ये बाजारात आलेली ओल्ड मंक ही तिच्यातली सर्वांत ओळखीची. तिचा रंग गडद आणि चव व्हॅनिलाकडे झुकणारी, म्हणून तिची डायकिरी क्यूबासारखी लागत नाही. लागूही नये.

७. एका वेळी एकच बदल

फेरफार करण्याचा एकच नियम मला महत्त्वाचा वाटतो. एका वेळी एकच वस्तू बदला. दोन बदलल्या तर चव कशामुळे बदलली ते कळत नाही आणि शिकणं थांबतं.

आधी गोड बदलू. साखरपाण्याऐवजी गूळपाणी घ्या: १०० ग्रॅम गूळ १०० मिली कोमट पाण्यात विरघळवून गाळलेला. गडद रमशी गूळ छान जुळतो, कारण दोघांचं मूळ एक. पांढऱ्या रमला तो झाकून टाकतो. काकवी वापरायची तर तेवढंच पाणी घालून आधी पातळ करा, नाहीतर ती तळाशी बसते.

मग आंबट. कैरी उकडून काढलेला गर, कोकमाचा आगळ, चिंचेचा कोळ. प्रत्येकाचं आम्ल वेगळं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. ते लिंबासारखं चटकन येऊन जात नाही, जिभेवर रेंगाळतं, म्हणून मापात थोडं कमी घ्यावं. कोकम आगळात मीठ असतं, तेव्हा आधी चाखून पाहावं. गडद रम, चिंच आणि गूळ हे तीन-एक-एक मला मूळ डायकिरीपेक्षा सरस वाटतं. त्यासाठी लागणारी चिंच आणि गूळ मराठवाड्यात बाहेरून आणावे लागत नाहीत.

शेवटी कडक. गोव्याची काजू फेणी घेतली की पेय पूर्ण बदलतं. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे हुर्राक, ते सौम्य. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. उन्हाळ्यात गोवेकर हुर्राकात लिंबाचा सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालतात. आंबट, गोड, कडक तिन्ही तिथेही आहेत.

आता सहकाऱ्यांसोबत चाखण्याची पद्धत. चौघे असाल तर चार प्रकार करा, पण प्रत्येक प्रकार १५ मिली रम, ५ मिली आंबट, ५ मिली गोड एवढाच. पहिला साखर-लिंबू, दुसरा गूळ-लिंबू, तिसरा साखर-चिंच, चौथा गूळ-चिंच. प्रत्येकाने प्रत्येकातलं चमच्याने घ्यायचं. चार प्रकार चाखून झाले तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकूण १५ मिलीच रम येते, म्हणजे अर्धा लहान पेग. आपल्याला काय आवडलं ते आधी कागदावर लिहा आणि मग बोला. नाहीतर साहेबांना जे आवडलं तेच सगळ्यांना आवडतं.

आणि न पिणाऱ्या सहकाऱ्याला कोपऱ्यात थंड पेयाची बाटली देऊन बसवू नका. त्याच्यासाठी कडकच्या जागी ६० मिली कडक कोरा चहा घ्या, थंड केलेला. त्यात आल्याच्या रसाचे काही थेंब. चहाचा तुरटपणा आणि आल्याची झोंब मिळून मद्याची बरीच जागा भरतात. बाकी माप तेच, हलवणं तेच, पेला तोच.

८. बसण्याआधी

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजन्म असे परवाने मिळतात. कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं, बिअर आणि वाइनसाठी २१. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. उमरगेकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: कर्नाटकची हद्द जवळ असली तरी तिकडची बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे.

शरीराचा हिशोबही ठेवा. ६० मिली रममध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जिरवतं. एका पेल्याला दोन ते तीन तास लागतात. लिंबूपाणी, आंघोळ किंवा कडक कॉफीने हा वेग वाढत नाही. गोड-आंबट पेयात दारूची बोच लपते, म्हणून ती भराभर प्यायली जाते. सावर गटाचा खरा धोका हाच आहे. कितीही कमी प्यायलं तरी दारू आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. ज्याला घ्यायची नाही त्याला आग्रह करू नये, कारणही विचारू नये. हाताखालच्या माणसाला तर मुळीच नाही, त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. मोठ्या पेगचा एक पेला ती सहज ओलांडू शकतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. उमरग्याच्या मधून महामार्ग जातो, आणि हंगामात रात्री त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, पुष्कळदा मागच्या दिव्यांशिवाय. मोटारसायकलची किल्ली यजमानाकडे द्या, मुक्कामाची किंवा घरी सोडणाऱ्याची सोय पक्की करा, आणि मगच लिंबू कापायला घ्या.